अस्वल कुणावरून काढलं

प्रिय ठकू,

तुझा तो लांबलचक मेसेज येऊन महिना होत आला. आत्याला उत्तर सुचत नाही असं आजवर कधी झालेलं नाही. माझ्या जिभेला हाड नाही हे तुझ्या आईचं मत तर तुला पाठच आहे. या वेळी मात्र मी रोज लिहायला बसते आणि रोज काहीतरी कारण काढून उठते. काल तर मी उभं कपाट रिकामं करून पुन्हा भरलं. आज म्हटलं, पुरे झालं, आता लिहायचंच.

तू दोन गोष्टी विचारल्यास. पहिली मोठ्या उत्साहाने. बाबाचं 'अस्वलाचं सलून' स्वच्छ करून, नवी प्रिंट काढून, पुन्हा थिएटरात दाखवणार आहेत. तुला स्टेजवर जाऊन चार शब्द बोलायचे आहेत आणि मग बाबाची लेक म्हणून अस्वलाची चाल करून दाखवायची आहे. तर आत्या, ते अस्वल बाबाला सुचलं कसं, कुणावरून काढलं, तू तिथेच कामाला होतीस ना, सांग. दुसरी गोष्ट सगळ्यात शेवटी, जाता जाता. मूल व्हावं म्हणून तुम्ही उपचार सुरू करताय, आणि तिथल्या डॉक्टरांनी विचारलं की वडिलांकडे कुणाला काही आजार होता का. बाबा अपघातात गेला हे तू सांगितलंस, पण आजोबा कशाने गेले ते तुला माहीत नाही. ठकू, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे आणि ते चांगलं नाही. म्हणून हे पत्र जावईबापू घरी असताना वाच. त्याला शेजारी बसव. फोनवर मी हे सांगितलं असतं तर तू माझं बोलणं मध्येच तोडलं असतंस, मी रडले असते, आणि मग तू माझीच समजूत काढत बसली असतीस. तसं मला नको होतं.

आधी अस्वल. ते कार्टून तुला तोंडपाठ आहे, तरी मी सांगते, कारण या वेळी तू ते माझ्या डोळ्यांनी बघावंस. जेमतेम सात-आठ मिनिटांचा खेळ. अस्वल सकाळी दुकान उघडतं, एप्रन बांधतं, वस्तरा परजतं. एक शहामृग ऐटीत येऊन खुर्चीत बसतो. गळ्याभोवतीचं कापड नेमकं कुठे बांधायचं हेच अस्वलाला कळत नाही, इतकी ती मान लांब. साबण लावून होईतो शहामृग घोरायला लागतो. मागे बाकावर एक कासव पेपर वाचत आपल्या पाळीची वाट बघतंय. आणि मग अस्वल वस्तरा उचलतं आणि त्याचा हात भलतीकडेच उडतो. उडाला तो उडाला, पण कुणी पाहिलं तर काय म्हणेल म्हणून ते त्याच हाताने कान खाजवल्याचं सोंग करतं आणि स्वतःच्याच कानाचे केस भादरून घेतं. पुन्हा नेम धरतं, पुन्हा हात उडतो. खांदा उडतो. जीभ बाहेर काढून एकाग्र व्हायला जातं, तर जीभ बाहेर टिकत नाही, आपोआप आत पळते. कुठे बघायचं असलं तर आधी भुवया वर जातात, मग मान हलते, मग कुठे डोळे वळतात. शहामृगाच्या मानेभोवती वस्तरा असा फिरतो की बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा. शेवटी शहामृग जागा होतो, आरशात बघून खूश होतो, त्याला साधा ओरखडाही आलेला नसतो, आणि अस्वल चक्कर येऊन पडतं. कासव आपला नंबर आलाय हे बघतं आणि धूम पळतं. कासवाला पळताना बघून थिएटरात लोकांची हसून हसून मुरकुंडी वळायची.

आता अण्णांविषयी. म्हणजे माझे वडील, तुझे आजोबा. अण्णांचं खरोखरच केस कापायचं दुकान होतं, हे तुला माहीत असेल, पण त्यापलीकडे आम्ही तुला फारसं काही सांगितलेलं नाही. दोन खुर्च्या, समोरासमोर दोन मोठे आरसे, तुरटीचा आणि साबणाचा वास. शाळा सुटली की तुझा बाबा आणि मी तिथेच जायचो. मी केस झाडून गोळा करायचे आणि तो बाकावर बसून गिऱ्हाइकांची चित्रं काढायचा. अण्णांचा हात म्हणजे असा की गिऱ्हाईक दाढी होता होता झोपायचं. झोपलं नाही तर अण्णांना अपमान वाटायचा. ते मुळात गमत्या स्वभावाचे, शीळ घालत काम करायचे, आणि आईशी भांडण झालं तर तिचंच गाणं गुणगुणत घरी यायचे. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं ऐकून तुझ्या मनात त्यांची भलतीच मूर्ती उभी राहील.

सुरुवात कशी झाली ते कुणाला कळलंच नाही. अण्णांना हात झटकन वर नेऊन केस मागे सारायची सवय लागली. आम्हाला वाटलं, सवय. मग खांदा उडायला लागला, माशी बसल्यासारखा. मग चालताना एक गुडघा गरजेपेक्षा जास्त वर यायचा, आणि पाऊल कुठे टेकवायचं हे जरा उशिरा ठरवल्यासारखं खाली यायचं. रस्त्याने येताना ते लांबून नाचत येताहेत असं वाटायचं. गल्लीतली मुलं हसायची आणि अण्णाही त्यांच्याकडे बघून दोन पावलं जास्त नाचायचे. त्यांनी ते हसण्यावारी नेलं, म्हणून आम्हीही नेलं. एक दिवस आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कानाला वस्तरा लागला. फार नाही, पण कानाचं रक्त थांबता थांबत नाही. त्यानंतर गिऱ्हाइकं कारणं सांगायला लागली. कुणाला घाई, कुणाला सर्दी, कुणाच्या मेहुण्याने नवं दुकान काढलेलं. दुसरी खुर्ची आधी रिकामी झाली, मग पहिली. अण्णा स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून दिवसभर आरशात बघत राहायचे.

आईला वाटलं, दारू. सगळ्यांनाच वाटलं. जीभ जड झालेली, तोल जातोय, कधी नव्हे तो माणूस फणी फेकून मारतोय, दुसरं काय वाटणार. आई त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. पिठाच्या डब्यामागे, पलंगाखाली, पाण्याच्या टाकीत बाटली शोधायची. बाटली सापडायची नाही, म्हणून तिचा संशय आणखी वाढायचा, की हा लपवतो तरी कुठे. अण्णा सांगायचे, मी प्यायलो नाही गं. मग सांगायचेही बंद झाले. एका संध्याकाळी ते दुकानाच्या जिन्यावरून पडले आणि संपले. शेजारपाजारचे म्हणाले, प्यायलेला होता. आईने कुणाचं म्हणणं खोडून काढलं नाही. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गात होते आणि तुझा बाबा माझ्याहून तीन इयत्ता मागे.

तुझा बाबा अण्णांची नक्कल करायचा. ऐकून वाईट वाटेल, पण त्यात खोडसाळपणा नव्हता. अण्णांच्या समोरच करायचा, आणि त्या शेवटच्या वर्षात अण्णा मोकळेपणाने हसायचे ते तेवढ्यासाठीच. हात उडाला की कान खाजवायचा, ही युक्ती अण्णांचीच. पोराने ती इतकी बरोबर उचलली होती की अण्णा म्हणायचे, "अरे, माझं गुपित बाजारात आणतोस काय?" अण्णा दारू पीत नाहीत हे घरात तुझ्या बाबाला एकट्याला ठाम माहीत होतं. इतकं निरखून बघणाऱ्याला ते कळणारच. पण पोराचं कोण ऐकतंय?

पुढे तो कार्टूनच्या स्टुडिओत लागला आणि त्याने मलाही तिथे चिकटवून दिलं. तो चित्रं काढायच्या खोलीत, मी रंगाच्या. आमचं काम असं, की त्यांची पेन्सिलची चित्रं पारदर्शक शीटवर शाईने गिरवायची आणि मागच्या बाजूने रंग भरायचा. हातात पांढरे सुती मोजे, बोटांची टोकं कापलेली, कारण शीटवर घामाचा डाग पडला तर पडद्यावर तो शेळीएवढा दिसायचा. आम्ही सगळ्या बायका होतो आणि दिवसभर जिभेचे पट्टे चालायचे. वरच्या खोलीतल्या प्रत्येक पुरुषाच्या टेबलावर एक छोटा आरसा. त्यात बघून ते वेडीवाकडी तोंडं करायचे आणि कागदावर उतरवायचे. आणि त्यांच्यात एक रीत होती. प्रत्येक प्राण्याला चालणं, बसणं, खाणं द्यायचं ते आपापल्या घरातून आणायचं. मनाने रचलेली चाल चालत नाही, असं त्यांचे उस्ताद म्हणायचे. एकाच्या सशाने गाजर खाल्लं की आम्ही ओळखायचो, ही त्याची सासू. एकाचा बोका बायकोपुढे जसा दबकत घरात शिरायचा, तसा तो स्वतः शिरायचा. सणसणीत थट्टा चालायची, आणि घरच्या मंडळींना पत्ता नसायचा.

अस्वलाची पाळी आली तेव्हा तुझ्या बाबाने अण्णांना आणलं. तो मुख्य चित्रं काढायचा आणि दोन चित्रांमधली हालचाल एक जाड्या नावाचा सहकारी भरायचा. जाड्याचं काम फार देखणं. इथून तिथे हात जायचा असेल तर मधल्या चित्रांतून तो लोण्यासारखा सरकवायचा. तुझ्या बाबाने ती चित्रं त्याच्यासमोर फाडली. म्हणाला, "झटक्याच्या मध्ये काही नसतं. हात इथे आहे, आणि मग तिथे आहे. त्यालाही कळत नाही मध्ये काय झालं." जाड्या नाराज झाला, पण पेन्सिलच्या चित्रांची फिल्म छोट्या खोलीत लावून बघितली तेव्हा तोच आधी खुर्चीवरून घसरला. मालकांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. त्यांनी विचारलं, हे आणलंस कुठून? बाबा म्हणाला, घरून. सगळे पुन्हा हसले. मी दारात उभी होते. मी पण हसले, ठकू. खरोखरच हसू येत होतं.

थिएटरात लागलं तेव्हा मी आईला घेऊन गेले. मुख्य सिनेमाच्या आधी हे कार्टून. अख्खं थिएटर डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. आई माझ्या शेजारी हाताची घडी घालून बसली होती. अस्वल चक्कर येऊन पडलं तेव्हा ती उठून बाहेर गेली आणि पुढचा सिनेमा आम्ही पाहिलाच नाही. बाहेरच्या पायऱ्यांवर बसून ती म्हणाली, "न पिता माणूस असं चालू शकतो, हे मला कुणी तेव्हा दाखवलं असतं तर." एवढंच. त्यावर ती आयुष्यात पुन्हा बोलली नाही, आणि आम्हीही तो विषय काढला नाही. आम्हाला वाटलं, अण्णांचा प्रश्न मिटला. काहीतरी नसांचं दुखणं असेल, त्यांचं होतं, त्यांच्याबरोबर गेलं.

तुझा जन्म झाल्यावर थोड्या वर्षांनी दुसरं अस्वल काढायचं ठरलं. या खेपेला त्याला वाढप्याची नोकरी, हातात काचेचे पेले. तुझा बाबा दिवसभर ती चाल स्वतः चालून बघायचा. खोलीत, जिन्यात, उपाहारगृहाच्या रांगेत. लोक वाटेत थांबून हसायचे. मग तो चित्रं काढत नसतानाही तसाच चालायला लागला. सगळे म्हणाले, याच्या अंगात अस्वल आलंय, कलावंत असावा तर असा. त्याच्या हातून चहा सांडला तरी टाळ्या. मीटिंगमध्ये त्याचा खांदा उडाला तरी मालक खूश. जगात दुसऱ्या कुठल्या नोकरीत असता तर कुणीतरी त्याला डॉक्टरकडे धरून नेलं असतं. आमच्याकडे त्याला पगारवाढ मिळाली.

मला दिसलं ते त्याच्या रेघेत. त्याची रेघ लहानपणापासून माझ्या ओळखीची, एका दमात ओढलेली. ती मध्येच बिचकायला लागली. अस्वलाच्या पाठीच्या गोलाईवर एक बारीक दचका यायचा. मी गिरवताना तो सरळ करून टाकायचे. ते माझं कामच होतं आणि त्याबद्दल मी स्वतःला बोल लावून घेत नाही. त्याने विचारलं तर मी सांगायचे, झोप नीट होत नसेल. त्याच सुमारास तो चिडका झाला. कधी आवाज न चढवणारा माणूस, त्याने जाड्याच्या अंगावर दौत फेकली. टेबलावरचा आरसा तो उपडा ठेवायला लागला. मग तोंडं कशी काढतोस, असं मी विचारलं, तर म्हणाला, आता बघावं लागत नाही. एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाला, "ताई, अस्वल मला सोडत नाही गं." मी म्हटलं, पगारही देतंय ना, मग राहू दे. तो हसला. त्याच्या मनात नेमकं काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. पण त्यानंतर तो तुला खांद्यावर घ्यायचा बंद झाला, एवढं मात्र तुझी आई सांगायची. तू हट्ट करायचीस आणि तो म्हणायचा, चालू या, चालण्यात जास्त मजा आहे.

अपघाताचं तुला जे सांगितलंय ते खरं आहे. बस होती, तो रस्ता ओलांडत होता. फक्त ड्रायव्हर पोलिसांना जे म्हणाला ते आम्ही तुला सांगितलं नाही. तो बिचारा पुन्हा पुन्हा सांगत होता की मी हॉर्न दिला, ब्रेक दाबला, पण तो माणूस बसकडे बघून रस्त्यात नाचत होता. कुणाला पटलं नाही. मला पटलं होतं, पण का पटलं हे समजायला मला इतकी वर्षं लागली.

आणि मग तू. बाबा असताना तू त्याच्या मागे मागे घरभर चालायचीस, अगदी तसंच गुडघा उचलून, पाऊल लांबवून. तो गेल्यावर तुझ्या वाढदिवसाला कुणीतरी म्हणालं, ठकू, बाबाचं अस्वल करून दाखव, आणि तू केलंस. रडणारी माणसं हसली. तेव्हापासून तुझं लग्न असो, कुणाचं बारसं असो, अस्वल झाल्याशिवाय आपल्याकडे काही पार पडत नाही. शाळेत तू शिकवतेस त्या वर्गातली पोरं गणित सोडवायला अस्वलाची लाच मागतात, असं तूच सांगितलंस. तुझ्या आईला ते फार आवडायचं. मलाही आवडायचं. तुझ्या चालण्यात मला भाऊ दिसायचा, आणि भावाच्या चालण्यात मी अण्णांना पाहिलं होतं, पण या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

या वर्षी मला चक्कर यायला लागली म्हणून मेंदूच्या डॉक्टरीण बाईंकडे गेले. चक्कर साधी निघाली, कानाची. पण त्यांनी घरच्यांविषयी विचारलं तेव्हा मी बढाई मारायची म्हणून सांगितलं की माझा भाऊ कार्टून काढायचा, आणि फोनवर ते लावूनही दाखवलं. आजवर ते अस्वल बघून न हसलेली माणसं दोन. एक तुझी आजी आणि दुसऱ्या या बाई. त्यांनी ते मागे घेऊन पुन्हा पाहिलं. जीभ आत पळते तो भाग, भुवया उडतात तो भाग, हात उडाल्यावर कान खाजवतं तो भाग. मग फोन माझ्या हातात देऊन हळूच विचारलं, "हे कुणावरून काढलं?" अगदी तूच विचारलंस तसं. मी सांगितलं. मग त्यांनी भावाबद्दल विचारलं आणि तेही सांगितलं. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी त्यांनी मला बसवून ठेवलं आणि पाणी मागवलं.

त्या आजाराचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तू पत्र खाली ठेवून फोनवर शोधायला लागशील आणि नको नको ते वाचशील. बाई म्हणाल्या, चित्रावरून निदान करता येत नाही, पण काढणाऱ्याने एकही खूण सोडलेली नाही. हा आजार रक्ताच्या नात्यातून येतो. आईला किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला निम्मी शक्यता, नाणं उडवल्यासारखी. जन्मापासून आत बसलेला असतो आणि साधारण चाळिशीच्या आसपास डोकं वर काढतो. आधी हात, चाल, राग, मग विसरणं. थांबवणारं औषध अजून नाही. त्रास कमी करणारी आहेत. रक्ताची तपासणी आहे. मी ती करून घेतली, आधी माझी. या वयात मला काय फरक पडणार होता, पण तुला त्या खोलीत जायला सांगण्याआधी ती खोली मी पाहिलेली असावी असं वाटलं. माझ्यात नाही निघालं. सगळे अभिनंदन करत होते आणि मला तोंडात मारल्यासारखं झालं. अण्णांचं नाणं माझ्यासाठी एका बाजूने पडलं आणि तुझ्या बाबासाठी दुसऱ्या.

बाईंनी मला आणखी एक गोष्ट बजावली आणि ती तुला तशीच सांगते. तपासणी करायची की नाही हे फक्त तू ठरवायचंस. न कळून घेण्याचाही तुला हक्क आहे, आणि पुष्कळ शहाणी माणसं तेच ठरवतात. तुझ्या आईने, नवऱ्याने, मी, कुणीही तुला ढकलायचं नाही. पण मुलाचं तसं नाही. तुम्ही जे उपचार घेताय, त्यात बाहेर तयार केलेला गर्भ पोटात ठेवण्याआधीच तो या आजारापासून मोकळा आहे का हे बघता येतं, आणि हवं असेल तर तुला तुझ्याबद्दल काही न सांगताही बघता येतं. त्यासाठी तिथल्या डॉक्टरांना आधी सांगावं लागेल. म्हणजे ते पुढचं काही करण्याआधी. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला आता तुझ्याकडे उत्तर आहे.

इथवर वाचून तुला वाटेल, आत्याने आमच्या प्रश्नांची उत्तरं दिली, जरा भीती घातली, झालं. एवढंच असतं तर मी कदाचित आणखी टाळाटाळ केली असती, बाळाचं सगळं सुरळीत होऊ दे, मग बघू म्हणून. पण गेल्या आठवड्यात जावईबापूने तुमच्या घरच्या जेवणाचा व्हिडिओ पाठवला. तू स्वयंपाकघरातून ताटं घेऊन येतेस. दारात तुझा डावा हात उडतो, ताट कलंडतं, आणि तो हात वर जाऊन तुझे केस मागे सारतो. गुडघा उचलला जातो. सगळे ओरडतात, आलं, अस्वल आलं. तुझा नवरा टाळ्या वाजवतो. मी तो व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला, किती वेळा ते विचारू नकोस. अस्वल करताना तू लहानपणापासून समोरच्यांच्या तोंडाकडे बघतेस, हसले की नाही ते बघायला. त्या दिवशी तू कुणाकडेच बघत नव्हतीस. तू तुझ्या हाताकडे बघत होतीस, आणि सगळ्यांच्या मागून, उशिरा हसलीस. ठकू, तू अस्वल करत नव्हतीस. हे मला कळलं, आणि मला वाटतं तुलाही कधीचं कळलंय, म्हणूनच तो दुसरा प्रश्न तू इतका शेवटी, इतका सहज विचारलास. आता एकटीने हसत बसू नकोस. मी बॅग भरली आहे, हे पत्र पोचेल त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे येते आहे, आणि तू जे ठरवशील त्यात मी तुझ्या शेजारी बसेन.

कुठेही न जाणारी, तुझीच
आत्या